स्वतः विणलेले लेगवॉर्मर : आपापले अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना आईची विणकामाची पिशवी सापडली. तिच्यात राखाडी लोकरीचा एक पूर्ण झालेला लेगवॉर्मर, म्हणजे पोटरीवर घालायचा पाऊल नसलेला मोजा, होता, आणि दुसरा दोन्ही बाजूंना टोके असलेल्या सुयांवर वीतभर विणून तसाच राहिलेला. थंडीत आईच्या पोटऱ्या आखडत, म्हणून तिने ही जोडी स्वतःसाठी विणायला घेतली होती. ती पुरी होण्याआधीच आई गेली. मी पूर्ण झालेल्या लेगवॉर्मरचे टाके मोजले. घोट्याशी 48, पोटरीवर 72, सगळी वीण दोन सुलट दोन उलट, आणि मागच्या मधल्या उलट पट्टीच्या दोन्ही अंगांना दर सहा ओळींनी एकेक टाका वाढवलेला आहे. आईने कागदावर काहीच लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे जे कळते ते विणीतूनच वाचून काढावे लागते. राहिलेला लेगवॉर्मर मला पूर्ण करायचा आहे. ज्यांनी स्वतःसाठी लेगवॉर्मर विणले आहेत त्यांनी आपले अनुभव लिहावेत, चुकाही लिहाव्यात.

* * *

वाचून डोळे भरून आले. माझी चूक काठाची होती. पहिल्या जोडीचे सुरुवातीचे टाके मी घट्ट घातले होते. वरची वीण छान ताणत होती, पण काठ काही केल्या ताणेना. तो टाचेवरून ओढून चढवावा लागे आणि संध्याकाळी काढला की पायावर लाल वळ दिसे. तेव्हापासून मी दोन सुया एकत्र धरून टाके घालते आणि मग एक सुई ओढून काढते. टाके बंद करतानाही जाड सुई घेते. तुमच्या आईंनी घोट्याकडून सुरुवात केलेली दिसते, म्हणजे तुम्हाला फक्त वरचा काठ सांभाळायचा आहे.

* * *

नृत्याच्या सरावाआधी पाय गरम राहावेत म्हणून मी अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचे लेगवॉर्मर विणले होते. स्पर्श अतिशय मऊ होता, ऊबही भरपूर होती, परंतु मेंढीच्या लोकरीसारखी ती ताणल्यावर पुन्हा आवळत नाही. अर्ध्या तासात दोन्ही घोट्यांवर गोळा होऊन बसत. शेवटी सगळे उसवले, लोकरीच्या लड्या करून धुतल्या, वाळवल्या आणि तिचा गळपट्टा विणला.

* * *

माझ्या पोटरीचा घेर 36 सेंमी आहे. टाके किती घालायचे, हे कोणी सांगेल का?

* * *

आधी नमुन्याचा तुकडा विणून धुवावा आणि वाळल्यावर किंचित ताणून 10 सेंमीत किती टाके बसतात ते मोजावे. समजा 22 बसले, तर 36 सेंमीला साधारण 79 होतात. लेगवॉर्मर पायावर टिकायचा तर तो पायापेक्षा थोडा लहान हवा, म्हणून त्यातून दहावा हिस्सा वजा करावा, 71 उरतात. दोन सुलट दोन उलट विणीला चारने भाग जाणारी संख्या लागते, म्हणून 72 घ्यावेत. घोट्याचे मापही याच रीतीने काढावे. मी एकदा नमुना न धुताच मोजला होता, आणि पहिल्या धुण्यानंतर ती जोडी इतकी सैलावली की घरातल्या कोणाच्याच पायावर थांबेना.

* * *

ही चर्चा सुरू करणाऱ्या ताईंसाठी दोन गोष्टी मनापासून सांगते. इतके दिवस सुईवर अडकून राहिलेली ओळ ताणली गेलेली असते. तिच्यावरच पुढे विणले तर तिथे आडवी रेघ कायमची दिसते. म्हणून ती आणि तिच्या खालची ओळ हलक्या हाताने उसवून टाके पुन्हा उचलावेत. दुसरे म्हणजे आईंचा हात आणि तुमचा हात सारखा नसणार. माझ्या आत्याने अर्धा ठेवलेला स्वेटर मी त्याच सुयांनी पूर्ण केला, आणि माझी बाजू बोटभर रुंद झाली. आधी थोडे विणून दोन्हींचे टाके मोजून पाहा.

* * *

आपण सांगितल्याप्रमाणे दोन ओळी उसवल्या. त्याच 4 मिमीच्या सुयांवर नमुना विणला, तर आईच्या विणीत 10 सेंमीला 22 टाके आणि माझ्या विणीत 20 भरले. मग 3.5 मिमीच्या सुया घेतल्या आणि 22 जुळले. पिशवीत तिच्याच लोकरीचा एक गुंडा शिल्लक होता, त्यामुळे रंगाचा प्रश्न आला नाही. काल रात्रीपर्यंत माझ्या 18 ओळी झाल्या. उजेडात धरले की तिची वीण कुठे संपते ते अजून ओळखू येते, कारण तिचे उलट टाके माझ्यापेक्षा घट्ट आहेत. तेवढा फरक मी तसाच ठेवणार आहे.