मदत हवी आहे: देणगी प्रवेशिका आणि रात्रीचा परतीचा प्रवास

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा. येत्या शनिवारी जळगावला कर्करोगग्रस्त मुलांच्या उपचारासाठी निधी उभारायचा कार्यक्रम आहे. मुंबईचे नामवंत कलाकार नाट्यप्रवेश आणि अभिवाचन करणार आहेत. माझ्या आईला ७४ वं वर्ष चालू आहे, गुडघे दुखतात, तरी जायचंच म्हणते. तिचे वडील नाटकवेडे होते. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट तिने त्यांच्याकडून कितीदा ऐकलीय! बालगंधर्वांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला, याचाही तिला फार अभिमान.

पहिला प्रश्न पावतीचा. देणगी प्रवेशिका 1,500 रुपयांची आहे, वर मला 5,000 वेगळे द्यायचे आहेत. 2,000 च्या वर रोख दिलं तर 80जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, म्हणून ते चेकने देईन. पण प्रवेशिकेची रक्कम देणगीत धरतात का? त्या बदल्यात कार्यक्रम बघायला मिळतो ना. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी कुठे तपासायची, तेही सांगा.

दुसरं, आणि मला जास्त काळजी याचीच. कार्यक्रम अकराच्या पुढे संपेल. त्या वेळी अमळनेरसाठी भरवशाची गाडी मिळते का? की आईसाठी जळगावलाच मुक्काम करावा? स्टेशनजवळ तळमजल्यावर खोली असलेलं, लिफ्टवर अवलंबून नसलेलं साधं लॉज कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा.