'बेओट' : 'बढाई', 'पण' की 'विडा'?

प्रश्न : 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यातली वीरांची भाषणं मराठीत आणताना 'बेओट' या जुन्या इंग्रजी शब्दापाशी अडले आहे. कोशात 'बढाई' आणि 'वचन' असे दोन्ही अर्थ आहेत. कोणता घ्यावा?

प्रतिसाद १ : 'बढाई' मुळीच नको. बढाईखोराला उद्या कुणी जाब विचारत नाही. बेओट उच्चारला की पुरा करायचा, नाहीतर जीव द्यायचा. ६१२व्या ओळीपासूनचा प्रसंग पाहा. राणी वेआल्थेओ मद्याचा प्याला घेऊन सभेत फिरते, शेवटी तो काव्याचा नायक बेओवुल्फ याच्या हाती देते. प्याला घेऊन तो सर्वांदेखत सांगतो : तुमच्या लोकांची इच्छा पुरी करीन, नाहीतर शत्रूच्या पकडीत मरेन. माझं मत 'विडा उचलणे'ला. 'प्रतिज्ञा' अर्थाने बरोबर आहे, पण ती एकांतातही करता येते. बेओटला सभा लागते.

प्रतिसाद २ : 'विडा' छानच, पण विडा धनी मांडतो, कामही तोच ठरवतो. ग्रेंडेल या राक्षसाशी शस्त्राविना झुंजायची अट (ओळी ६७७–६८७) बेओवुल्फने आपणहून घातली आहे. तिथे 'पण' लावा. आणि पाहुणचाराचा धागा सुटू देऊ नका. ९९१ सालच्या माल्डनच्या लढाईवरच्या काव्यात सरदार बिर्टनॉथ पडल्यावर एल्फविन सोबत्यांना आठवण देतो, ती बाकांवर बसून मद्य पिताना केलेल्या गर्जनांची. तिथे 'खाल्ल्या मिठाला जागा' म्हटलं तर मराठी वाचकाला एका दमात कळेल. मद्य मात्र मद्यच ठेवा, नाहीतर सभागृहच नाहीसं होईल.

प्रश्नकर्ती : मग ६४०व्या ओळीतलं 'गिल्प'? कोशात तीही बढाईच आहे.

प्रतिसाद १ : राणीसमोरच्या त्याच भाषणाला कवी तिथे 'गिल्प-बोल' म्हणतो, आणि ते राणीला फार आवडले असंही सांगतो. निंदा नाहीच. 'बाणेदार बोल' करा. चर्चच्या गद्यात मात्र हाच शब्द दुर्गुणांच्या यादीत जातो, तिथे 'पोकळ बडेजाव'. एकच प्रतिशब्द सगळीकडे ठोकू नका.

प्रतिसाद २ : 'बेओवुल्फ'च्या ३१८२व्या, म्हणजे अखेरच्या ओळीतल्या शेवटच्या शब्दालाही हेच लागू. मेलेल्या राजाला, म्हणजे बेओवुल्फलाच, लोक 'कीर्तीसाठी सर्वांत आसुसलेला' म्हणतात, आणि तेही 'सर्वांत दयाळू'च्या मागोमाग. 'प्रसिद्धीलोलुप' लिहिलंत तर त्याचे शोक करणारे लोकच त्याला नावं ठेवताहेत असं होईल.