आमदाराला शिक्षा झाली आणि बाबा म्हणाले, "कोणत्या सालचं आहे ते?"

संत्र्याचा_बगीचा (धागाकर्ता)

नाव-गाव देत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि मत सावनेर मतदारसंघात आहे, एवढं पुरे.

२२ डिसेंबर २०२३, शुक्रवार. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू होती. बाबा झाडाखाली पोत्यावर बसून फळं निवडत होते. मोठं एका क्रेटमध्ये, मधलं दुसऱ्यात, बारीक चुरी बाजूला. शाळा सुटल्यावर मी तिथे पोचलो आणि मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या रोखे घोटाळ्यात आमचे आमदार सुनील केदार दोषी, पाच वर्षं शिक्षा, साडेबारा लाख दंड. बाबांनी हातातलं फळ फिरवून देठाजवळचा डाग पाहिला आणि विचारलं,

"कोणत्या सालचं आहे ते?"

"२००२."

"मंग हे शिक्षा कोणाले झाली? तवाच्या माणसाले का आताच्या?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही, म्हणून हा धागा.

नागपूरच्या बाहेरच्यांसाठी थोडक्यात. केदार तेव्हा बँकेचे अध्यक्ष होते. बँकेचा पैसा होम ट्रेड आणि आणखी काही दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोख्यांत गुंतवायचा, असा तो व्यवहार. पैसे गेले, रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. आकडा सव्वाशे-दीडशे कोटींचा. (होम ट्रेड म्हणजे तीच कंपनी, जिच्या जाहिरातीत सचिन आणि शाहरुख दिसायचे.) गुन्हा २००२ चा, निकाल २०२३ चा. सहा जण दोषी, तिघे सुटले. लगेच आमदारकी गेली. पुढे जामीन झाला, पण दोषसिद्धीला स्थगिती मिळाली नाही. अपिलाचं काय व्हायचं ते होईल, त्यावर मी बोलत नाही.

मला खटकतं ते मधलं. गुन्हा नोंदवल्यापासून निकाल लागेपर्यंत सावनेरने चार वेळा मतदान केलं. २००४, २००९, २०१४, २०१९. चारही वेळा केदारच आले, आणि मधल्या काळात ते मंत्रीही झाले. प्रकरण कोणापासून लपलेलं नव्हतं, समोरचा पक्ष दर प्रचारात ते काढायचाच. म्हणजे आमच्या भागातल्या माणसाला हा प्रश्न कोर्टाच्या आधी चारदा विचारला गेला आणि चारदा त्याने उत्तर दिलं. पाचव्यांदा कोर्टाने विचारलं तेव्हा लोकांना वाटलं, यात काही तरी राजकारण आहे. पानठेल्यावर त्या रात्री हेच चाललं होतं. बँकेच्या पैशाचं कोणी काढलंच नाही. सगळे विचारत होते, "आताच कामून?"

दुसरीकडे आमच्या शाळांच्या केंद्रातला एक शिक्षक. भावकीतली भांडणं, शेताच्या धुऱ्यावरून मारामारी, पोलीस कोठडीत तीन दिवस. अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडी झाली की नियमाप्रमाणे निलंबित मानतात, तसा तो झाला. दोष सिद्ध व्हायचा होता, तरी गावात त्याच्याकडे मुलं पाठवायला लोक कचरू लागले. तेच लोक, तेच पानठेले.

तेव्हा माझा प्रश्न असा. शिक्षा झालेल्या नेत्यावर लोक विश्वास ठेवतात तेव्हा तो नेमका कशावर असतो? टीव्हीवरची चर्चा नको. तुमच्या गावात, तुमच्या घरात काय झालं ते सांगा.

---

टपरीवरचा_टग्या

सगळे चोर. ज्याचं उघड झालं तो आरोपी, ज्याचं झालं नाही तो नेता. विषय संपला.

---

संत्र्याचा_बगीचा

संपला असता तर मी एवढं टंकत बसलो नसतो भाऊ.

---

निवृत्त_शिरस्तेदार

मास्तर, तुमच्या वडिलांनी जे विचारलं ते कोर्टात वकील रोज विचारतात, फक्त जरा लांबण लावून. एकतीस वर्षं कोर्टात काढली, त्यातली शेवटची अकरा सत्र न्यायालयात. दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण लोक या बाबतीत फार गोंधळ करतात.

पहिली म्हणजे दोन वर्षांची रेघ. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की अपात्र, आणि सुटल्यावर पुढे सहा वर्षं. काही गुन्ह्यांना दोषी ठरणंच पुरतं, पण बहुतेक प्रकरणं या रेघेवर येतात. एक वर्ष अकरा महिने झाले तर साहेब विधानभवनात. म्हणून शिक्षेच्या मुद्द्यावर युक्तिवाद सुरू झाला की आरोपीचा वकील वय, आजारपण, समाजकार्य सगळं काढतो. दालनात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की झगडा तुरुंगासाठी चाललेला नाही, खुर्चीसाठी आहे.

दुसरी, २०१३. त्याआधी विद्यमान आमदार-खासदाराला तीन महिन्यांची सवलत होती. तेवढ्यात अपील टाकलं की पद शाबूत. सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस प्रकरणात १० जुलै २०१३ ला ते पोटकलम उडवलं. सरकारने ते वाचवायला अध्यादेश काढायचं ठरवलं, मंत्रिमंडळाची मंजुरीही झाली, राहुल गांधींनी त्याला भर पत्रकार परिषदेत मूर्खपणा म्हटलं, अध्यादेश मागे गेला. लालूप्रसादांची खासदारकी गेली ती त्याच वर्षी. आणि दहा वर्षांनी सुरतच्या कोर्टाने मानहानीच्या खटल्यात राहुल गांधींनाच बरोब्बर दोन वर्षं दिली. दुसऱ्या दिवशी खासदारकी रद्द. ४ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, तीन दिवसांत परत सभागृहात. त्या आदेशात हेच विचारलं होतं की जास्तीत जास्त शिक्षा का दिली त्याची कारणं खालच्या कोर्टाने का लिहिली नाहीत.

तिसरी गोष्ट तुमच्या पानठेल्यासाठी. शिक्षेला स्थगिती वेगळी, दोषसिद्धीला स्थगिती वेगळी. पहिली मिळाली की माणूस घरी येतो. दुसरी मिळाली तरच पद वाचतं. पेपरात नुसतं 'दिलासा' छापतात आणि लोक फटाके लावतात.

---

मागवाला

इचलकरंजीचं सांगतो, आमच्याकडं फटाके लागलेले मी बघितलेत. मे २०१४ ला सुरेश हाळवणकरांना वीजचोरीच्या खटल्यात तीन वर्षं लागली. आमदारकी गेली. पुढं उच्च न्यायालयातनं स्थगिती आली आणि ऑक्टोबरात तेच परत निवडून आले. आता वीजचोरी हा शब्द यंत्रमागाच्या गावात ऐकून बघा. निम्म्या गावाला मीटर, आकडा, वीजबिल, भरारी पथक यांची घरच्या माणसासारखी ओळख. "त्यात काय एवढं" असं म्हणणारा माणूस आमदाराची बाजू घेत नव्हता, स्वतःची घेत होता. मास्तर, तुमच्या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर हे.

---

तापीकाठचा

जळगाव. घरकुल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पालिकेने झोपडपट्टीवाल्यांसाठी अकरा हजारांवर घरं बांधायचं काढलं. घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी हुडकोचं कर्ज घेतलं. उभी राहिली जेमतेम दीड हजार. तक्रार २००६ ला तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी दिली. निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयात, ३१ ऑगस्ट २०१९. एकाच वेळी ४८ जण दोषी. सुरेश जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटी दंड, गुलाबराव देवकरांना पाच वर्षं. बाकी बहुतेक नगरसेवक. गल्लीगल्लीतला कोणी ना कोणी त्या यादीत होता, त्यामुळे त्या संध्याकाळी गावात ओरडायला कोणी नव्हतं. आमच्या चौकात तर दोन घरं सोडून एकाची आई दार लावून बसलेली, आणि माझी आई तिला वरण-भाताचा डबा द्यायला गेली. मी म्हटलं, "आई, त्यांनी खाल्लेत ते पैसे आपलेच." आई म्हणाली, "तिने नाही ना खाल्ले."

मला सांगायचंय ते पुढचं. त्याच निकालात चोपड्याचे चंद्रकांत सोनवणे दोषी ठरले. दोन महिन्यांच्या आत विधानसभा. उभ्या राहिल्या त्यांच्या पत्नी लताताई, आणि निवडून आल्या. सावनेरलाही २०२४ ला केदारांच्या पत्नीच उभ्या होत्या ना? त्या पडल्या. एकच डाव, दोन निकाल. म्हणून "लोकांना फरक पडत नाही" हे मी मान्य करत नाही. कुठे पडतो, कुठे नाही. कशाने पडतो ते मास्तरांनीच सांगावं.

---

माजी_सरपंचबाई

सगळे पुरुष आमदार-खासदारांवर बोलताय, मी खालून बोलते.

ग्रामपंचायतीत पाच वर्षं काढली. आमच्याकडे अपात्र व्हायला खून-दरोडा लागत नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, गेलं पद. सरकारी जागेवर अतिक्रमण, गेलं. घरात संडास नाही, वापरत नाही, गेलं. माझ्याबरोबरच्या एका सदस्याचं पद सासऱ्याने गावठाणात वाढवलेल्या ओट्यापायी गेलं. अतिक्रमण घरातल्या माणसाचं असलं तरी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ ला सांगितलंय. बिचारी ओटा झाला तेव्हा लग्न होऊन आलीही नव्हती. विरोधी पार्टीने टेप लावून मोजला, फोटो काढले, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. वर्षाच्या आत निकाल!

आमदाराला सहा मुलं असली तरी चालतात. संडासाचं कोणी विचारत नाही. खटला वीस वर्षं चालला तरी चालतो.

मी त्या बाईला म्हटलं अपील कर. ती म्हणाली, "ताई, मजुरी पाडून जिल्ह्याला किती चकरा मारू?" शिरस्तेदार साहेब, तुमची ती दोन प्रकारची स्थगिती आहे ना, ती आमच्यापर्यंत पोचत नाही. आणि मास्तर, तुम्ही विश्वासाचं विचारताय. गावात ओट्यावरून गेलेल्या बाईला आजही 'ती अपात्र झालेली' म्हणतात. तुरुंगातून आलेल्याला 'साहेब' म्हणतात.

---

टपरीवरचा_टग्या

ताई, पहिल्यांदा कोणी तरी मला गप्प केलं. पण एक सांगा. उमेदवारांची शपथपत्रं तपासणाऱ्या एडीआर संस्थेने २०२४ च्या विधानसभेचं काढलंय, तपासलेल्या २८६ आमदारांत १८७ जणांवर गुन्हे. मग 'सगळे चोर' म्हणालो ते एवढं चुकलं का?

---

निवृत्त_शिरस्तेदार

चुकलंच. ते १८७ म्हणजे शपथपत्रात गुन्हे जाहीर करणारे, दोषी नव्हेत. त्यात रास्ता रोकोवाला पण आला आणि खुनाच्या प्रयत्नाचा आरोपी पण. गंभीर गुन्हेवाले ११८ आहेत, आणि तेसुद्धा आरोपच. सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं की फायदा कोणाचा होतो? खरोखर चोरी केलेल्याचा. मी असे हसत हसत येणारे आरोपी पाहिलेत.

---

संत्र्याचा_बगीचा

तापीकाठचा, तुम्ही मलाच उत्तर द्यायला लावलंत. प्रयत्न करतो.

आमदारकी गेली डिसेंबर २०२३ ला. विधानसभेची मुदत वर्षापेक्षा कमी उरली होती, म्हणून पोटनिवडणूक नाही. अकरा महिने सावनेरला आमदारच नव्हता. बाबांचा राग कशावर असेल तर त्यावर. आमच्या पांदण रस्त्याची मागणी होती. पत्र कोणाच्या नावाने लिहायचं हेच कळेना. बाबांसाठी आमदार म्हणजे रात्री फोन उचलणारा माणूस. सातबारा, ट्रान्सफॉर्मर, दवाखान्यातला बेड. प्रामाणिकपणा हा त्या यादीत कधी नव्हताच, कारण त्यांनी तो कधी कोणाकडून मिळेल असं धरलंच नव्हतं. मागवाले म्हणतात तसं स्वतःची बाजू घेणंही त्यात असेल. पण बाबांचा विश्वास होता तो फोनवर, माणसावर नाही, असं मला आता वाटतं. अकरा महिने फोन वाजून वाजून बंद पडला.

मग नोव्हेंबर २०२४. भाजपचे आशीष देशमुख २६ हजारांच्या आसपास मतांनी आले. (२००९ ला हेच देशमुख केदारांसमोर थोडक्यात पडले होते.) शिक्षेमुळे, लाडकी बहीणमुळे की लाटेमुळे, कोणी छातीठोक सांगू नये. मतदानाच्या दिवशी मी दुसऱ्या मतदारसंघात ड्युटीवर होतो, शाईची बाटली माझ्याकडेच. रात्री दोनला पेट्या जमा करून पहाटे घरी आलो तर बाबा उठून बसलेले, बोटाला शाई.

आमच्या घरात मत कधी गुप्त नसतं. बाबा केंद्रातून निघाल्या निघाल्या पारावर सांगतात, कोणाचं बटन दाबलं ते. मी विचारलं, "मंग कोणाले देलं?"

"तुह्या चहा थंडा होऊन राहिला," म्हणाले.

आजपर्यंत सांगितलेलं नाही.