पावसाळ्यात सड्यांवर बाइक घालणं आपण थांबवायला हवं

घाटवाट (मुलुंड)

मंडळी, पहिला पाऊस पडला की शनिवारी पहाटे चेकनाक्याच्या आसपासच्या पेट्रोल पंपांवर एक्सपल्स आणि हिमालयन या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या बाइक उभ्या दिसायला लागतात. चेस्ट गार्ड, नी गार्ड, उंच बूट, मागे बंजी कॉर्डने आवळलेली बॅग. कुणी कर्जतकडे, कुणी मुरबाड-माळशेजकडे, कुणी थेट जव्हार-मोखाड्याला. मीही त्यांच्यातलाच. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी दाबून धरायची आणि दगडाधोंड्यांच्या उतारावरून पहिल्या गिअरमध्ये गाडी अलगद खाली आणायची, यासारखं सुख नाही.

तरीही माझं मत पक्कं आहे. जून ते सप्टेंबर सड्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळी पठारांवर, पायवाटांवर आणि शेताच्या बांधांवर गाडी घालणं पूर्ण थांबवायला हवं. जिथे गावची जीप जाते तिथेच आपलं चाक जावं, आणि तेही पावसाने उघडीप दिल्यावर.

कारण सांगतो. सड्यावर खडकाच्या वर माती असते ती बोटभर. सीतेची आसवं, गवती दवबिंदू अशा इवल्या रानफुलांचं सगळं आयुष्य या चार महिन्यांत त्या मातीत उरकतं. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि पुढच्या पावसाची वाट बघायची. मोठ्या खाचांचा नॉबी टायर जागच्या जागी एकदा फिरला की ती माती सोलून निघते आणि खाली काळा कातळ उघडा पडतो. त्या पट्ट्यात पुढच्या वर्षी काही उगवत नाही. साताऱ्याजवळचं कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, म्हणून तिथे लोक पाऊल जपून टाकतात. मुंबईजवळच्या सड्यांवर फलक नाही, कुंपण नाही, म्हणून तिथे काहीही चालतं असं थोडंच आहे?

भटक्या२००सीसी (डोंबिवली)

अजिबात पटलं नाही. पावसाळ्यातल्या रविवारी कळसूबाईच्या शिड्यांपाशी जाऊन बघा, माणसांची रांग लागलेली असते. हरिश्चंद्रगडावर तंबूंची वस्ती असते. धबधब्याखाली गाड्यांची दारं उघडी टाकून गाणी वाजत असतात, रस्ताभर बाटल्या. त्या सगळ्यांना सोडून हेल्मेट घालून शिस्तीत जाणाऱ्या आठ-दहा गाड्याच डोळ्यांत का खुपतात?

दुसरं, आपल्याकडे मातीत चालणारी परवडणारी गाडी होतीच कुठे? इम्पल्स २०११ मध्ये आली आणि काही वर्षांत बंद पडली. हिमालयन २०१६ ची, पण ती जड. एक्सपल्स २०१९ मध्ये आली तेव्हा कुठे लाखभर रुपयांत २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) आणि पुढे २१ इंची चाक असलेली गाडी नोकरदार माणसाच्या हातात पडली. पाच दिवस लोकलला लोंबकळून माणूस शनिवारी डोंगरात जातो, तर तेही बंद करा म्हणता.

आणि चिखल टाळून ऑफरोडिंग शिकणार कसं? ज्याला चालवता येतं त्याची गाडी माती उकरत नाही. टायरमधली हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवा, दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, थ्रॉटल एका लयीत द्या, चाक घसरत नाही. ज्याला येत नाही तो उकरतो. त्याला शिकवा, सगळ्यांवर बंदी कशाला?

घाटवाट (मुलुंड)

हवा कमी केल्याने पकड वाढते, हे खरं. पण ओल्या चिकण मातीच्या चढावर मागचं चाक कुणाचंही फिरतं, कसलेल्यांचंही. पहिल्या गाडीने कापलेल्या रेषेतूनच मागच्या सगळ्या जातात, कारण बाजूला घसरडं असतं. संध्याकाळपर्यंत तिथे वीतभर खोल चर पडलेला असतो. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ते पाणी एरवी गवतातून पसरत, मुरत उतरतं. आता ते सगळं त्या चरात शिरतं. चराची घळ व्हायला एक पावसाळा पुरतो.

ट्रेकर्सच्या गर्दीनेही वाटा झिजतात, नाकारत नाही. तो प्रश्न तितक्याच पोटतिडकीने मांडला पाहिजे. पण माणसाचा पाय माती दाबतो, फिरणारं चाक ती मागे फेकतं. दीडशे किलोची गाडी आणि वर माणूस, त्याची बरोबरी बुटांशी होत नाही.

मुरबाडकर

माझं गाव माळशेजच्या पायथ्याकडचं, नोकरीमुळे मी भांडुपला. फुलांचं मला फारसं कळत नाही, शेतीचं सांगतो.

आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, जुलैत. खाचरात पाणी टिकतं ते बांधामुळे. बांध आधीच खेकड्यांनी पोखरलेला असतो. त्यावरून गाडी गेली की दिसायला फक्त टायरची खूण दिसते, पण रात्रीच्या पावसात तिथूनच बांध फुटतो. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं, कालपरवा लावलेली रोपं चिखलासकट वाहून जातात आणि वरचं शेत कोरडं पडतं. परत राब, म्हणजे लावायची रोपं, कुठून आणायचा? तो एकदाच पेरलेला असतो. बांध घालायला घरची चार माणसं दिवसभर गुडघाभर चिखलात. गाडीवाल्याला तर आपण काही केलं हे कळतही नाही, तो संध्याकाळी घरी पोचलेला असतो.

वाडीच्या कच्च्या रस्त्याचं तेच. गावकऱ्यांनी दगड-मुरूम टाकून तो चालता ठेवलेला असतो. रविवारी त्याची चाळण झाली की सोमवारी दूध घेऊन जाणारा पोरगा गाडी ढकलत नेतो.

भटक्या भाऊ, तुम्ही म्हणाल, आमच्या जेवणाचे पैसे वाडीला मिळतात. तेही खरं. ज्याच्या ओटीवर तुम्ही पिठलं-भाकरी खाता त्याला मिळतात. बांध फुटतो तो दुसऱ्याचा.

ठाणेकरीण

मी दोघांशीही थोडी भांडणार आहे.

घाटवाट, चार महिने सरसकट बंद म्हटलंत तर ऐकणारे ऐकतील, बाकीचे गुपचूप जातील, एकेकटे, आणि ते जास्त धोक्याचं. मोबाइलला रेंज नाही, पाय गाडीखाली अडकलेला. १०८ ला फोन लागला तरी अ‍ॅम्ब्युलन्स डांबरी रस्ता सोडून वर येत नाही. तिथून खाली झोळी करून गावकरीच आणतात. गट, पुढे एक जाणता, शेवटी एक जाणता आणि प्रथमोपचाराची पेटी, याशिवाय कुणी जाऊच नये.

भटक्या, कायद्याचं तुम्ही बोलतच नाही. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, तानसा ही अभयारण्यं आहेत, तिथे सार्वजनिक रस्ता सोडला की १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. माथेरानमध्ये तर मोटारवाहनांना बंदीच. आणि सायलेन्सरमधला आवाज दाबणारा डीबी किलर काढून फिरणारे जे आहेत, त्यांची बाजू तुम्ही घेऊ नका. भीमाशंकरच्या झाडीत शेकरूचं घरटं असतं, तिथे तो आवाज कशासाठी?

चिखलात शिकायचंय ना? मालकाला विचारून, पैसे देऊन खाजगी जागेत शिका. मी तशीच शिकले. मातीचा ढिगारा, पाण्याचा खड्डा, ओंडके, सगळं तिथे करता येतं. पडलं तरी उचलायला माणूस असतो.

भटक्या२००सीसी (डोंबिवली)

बांधांचं मुरबाडकरांनी सांगितलं ते मान्य. बांधावर गाडी घालणाऱ्याला आमच्या गटात जागा नाही, हे आजच सगळ्यांना कळवतो. डीबी किलरवरही वाद नाही.

पण चार महिने जीपच्या रस्त्यावरच चालवायचं, हे मी मानणार नाही. खाजगी जागेत गोल गोल फिरणं म्हणजे घाट नव्हे. पुढच्या वळणाला काय आहे हे माहीत नसणं, ढग खाली उतरलेले असताना ओढा ओलांडायचा की परत फिरायचं हे स्वतः ठरवणं, यासाठी मी गाडी घेतली. बैलगाडीच्या जुन्या वाटा आहेत, ओढ्यांची दगडी पात्रं आहेत, तिथे माती नाही आणि फुलंही नाहीत. सडा सोडा म्हणालात तर सोडतो. पाऊस सोडा म्हणू नका.

घाटवाट (मुलुंड)

सडा सोडताय, तर माझं अर्धं भांडण संपलं. पण ओढ्याच्या पात्राचं मात्र मी धरून ठेवणार. वर डोंगरात पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर थेंब नसतानाही लोंढा येतो, आणि ते पाणी खाली कुणाच्या तरी वाडीत प्यायला जातं. त्यात इंजिनचं तेल आणि चेनचं वंगण कशाला?

मुरबाडकर

बैलगाडीच्या वाटाही पावसात शेतातूनच जातात, भाऊ. भातकापणी झाली की खाचरं मोकळी होतात, वाटा सुकतात. तेव्हा या, आधी पोलीस पाटलांना फोन करून या. कुठून गेलं तर चालेल ते गावच दाखवेल. जुलैत यायचंच असेल तर गाडी डांबरीवर लावून चालत वर या.