शनिवारचा सिनेमा: नऊ-शून्यनंतर काय दाखवायचं?

सचिव:
मंडळी, रविवारी आपल्या अंडर-टेन फुटबॉल टीमच्या पोरांनी ९-० असा सपाटून मार खाल्ला, हे एव्हाना सगळ्यांना कळलंच असेल. येताना माझ्या गाडीत चौघं होती. चौघंही खिडकीबाहेर बघत बसली, एकानंही माझा फोन मागितला नाही. काय ते समजून जा. शनिवारी ४ ते ७ हॉल आपल्याकडे आहे, प्रोजेक्टरही आहे. सरावाऐवजी (पाऊस आहेच, सिएटलचा ऑक्टोबर) फुटबॉलवरचा एखादा सिनेमा दाखवू या का? पोरांना जरा हुरूप येईल असा. सुचवा.
ता. क. निळे गोलकीपर ग्लोव्हज माझ्या डिकीत सापडलेत. कुणाचे?

नागपूरकर काका:
'झुंड' लावा. दुसरं नाव काढायचंच कशाला? विजय बारसे सर आमच्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली पोट्टी फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली, तिथून 'स्लम सॉकर' ही अशा पोट्ट्यांना फुटबॉल शिकवणारी संस्था उभी राहिली, त्यावरच हा सिनेमा. मंजुळेंनी सिनेमात पोट्टीही नागपूरचीच घेतली, म्हणून ती भाषा कानाला खोटी लागत नाही. सरांचं काम करणारा अमिताभ त्यांना घरी बसवून एकेकाला स्वतःची गोष्ट सांगायला लावतो, तेवढा एक प्रसंग दाखवला तरी पुरे. आपल्या पोट्ट्यांना बूट चावला तरी डोळ्यांत पाणी येतं बे!

मधल्या फळीतल्या दोघी बहिणींची आई:
काका, 'झुंड' मी दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा रडले, त्यामुळे माझ्यावर चिडू नका. पण तो तीन तासांचा आहे आणि हॉलही तीनच तास. वडे कधी खायचे? शिवाय नशा, चेन खेचणं, चाकू… नऊ वर्षांच्या मुलांना हे समजावत बसायचं आणि वर हिंदीचा अर्थही सांगायचा. 'मैदान' या दुसऱ्या हिंदी फुटबॉलपटाचंही तेच, मध्यंतराआधी निम्मी झोपतील.
माझं मत 'बेंड इट लाइक बेकहम'ला. आपल्या टीममध्ये दोन मुली आहेत हे कुणाच्या लक्षात आहे का? त्यातल्या नायिकेच्या, जेसच्या पायावर भाजल्याचा मोठा डाग असतो, म्हणून तिला शॉर्ट्स घालायची लाज वाटते. तो डाग मेकअपचा नाही. जेसचं काम करणाऱ्या परमिंदर नागराच्या पायावर तो लहानपणापासून आहे आणि दिग्दर्शिका गुरिंदर चढ्ढानं तो सरळ कथेतच घेतला. माझी धाकटी हल्ली गुडघ्यापर्यंत मोजे ओढून घेते. का, ते सांगत नाही. दोन-तीन प्रसंग पळवावे लागतील, रिमोट माझ्याकडे द्या.

गोलकीपरचे बाबा:
ग्लोव्हज आमचेच. पण घाई नाही, विसरलेले नाहीत ते, मुद्दाम टाकलेत.
त्या दिवसापासून तो जेवताना एकच हिशोब करतोय: नऊपैकी किती अडवायला हवे होते. बुधवारी मी त्याला 'नेक्स्ट गोल विन्स' दाखवला. २०२३चा टाइका वाइटिटीचा नव्हे, २०१४ची डॉक्युमेंटरी. एप्रिल २००१मध्ये ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बरला अमेरिकन सामोआ, म्हणजे पॅसिफिकमधली छोटी बेटं, ऑस्ट्रेलियाकडून ३१-० हरलं. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतला सामना होता. त्यांच्या एकट्या आर्ची थॉम्पसननं १३ मारले. फलकावर आधी ३२ लागले होते म्हणे, मोजणाऱ्यांचाही गोंधळ झाला.
मी त्याला मागची कथा सांगितली. पासपोर्टच्या नियमामुळे मूळ वीस जणांपैकी एकटा गोलकीपर निकी सलापू पात्र ठरला. वीस वर्षांखालच्या टीमच्या शाळेच्या परीक्षा होत्या. मग पंधरा वर्षांची पोरंसुद्धा उतरवली. पोरगं म्हणालं, "म्हणजे त्याची चूक नव्हती?" मी म्हटलं, थोडी असेलही. ३१ गोल खाल्लेत, एखादा तर त्याच्यामुळे गेला असेलच. हे त्याला पटलं. "तुझी काही चूक नाही रे" असं आम्ही दोघं तीन दिवस म्हणत होतो, तेव्हा तो उठून आतल्या खोलीत जात होता.
सलापू नंतर आपल्या सिएटललाच राहायला आला. दहा वर्षांनी, २०११मध्ये, तो पुन्हा त्याच टीमच्या गोलमध्ये उभा राहिला. डच कोच थॉमस रोंगन जेमतेम तीन आठवडे आधी आलेला. टोंगाविरुद्ध २-१, टीमचा पहिला अधिकृत विजय. शेवटच्या काही मिनिटांत टोंगानं एक फेडला, तेव्हा आमचा पठ्ठ्या सोफ्यावर उभा राहून "क्लिअर इट!" ओरडत होता. दुसरा गोल मारणारा शालोम लुआनी पुढे आपल्या सीहॉक्सकडून खेळला, अमेरिकन फुटबॉल. हे ऐकल्यावर मात्र त्याला खरंच वाटेना.
पुढे ही टीम कुक आयलंड्सशी १-१ बरोबरीत सुटली, शेजारच्या सामोआ देशाशी ०-१ हरली आणि बाहेर. वर्ल्ड कप वगैरे काही नाही. मला तेच आवडलं.
एक सूचना: रोंगनचं तोंड फाटकं आहे. मॅचच्या हाफटाइमच्या प्रसंगाला प्रोजेक्टरच्या आवाजाच्या बटणापाशी कुणीतरी बसा.

नागपूरकर काका:
मान्य. एकतीस म्हणजे लईच झाले. पण 'झुंड'मधला अमिताभच्या घरचा तो प्रसंग आधी दहा मिनिटं दाखवू, पायजे तर मी शेजारी उभा राहून अर्थ सांगतो. वड्यांचे बटाटे मी उकडून आणतो.

दोघी बहिणींची आई:
काका, अर्थ सांगा, 'बे' वगळून. माझा सिनेमा पुढच्या महिन्यात, हे सचिवांनी लिहून ठेवावं.

सचिव:
लिहिलं. शनिवारी ४ वाजता, चपला बाहेर काढायच्या. हॉलवाल्यांनी मागच्या वेळी फरशीवरून ऐकवलंय. पालकांनी थांबायचं, आपापली पोरं सोडून कॉस्टकोला खरेदीला पळायचं नाही.

गोलकीपरचे बाबा:
शनिवारी ग्लोव्हज आणाल का? आणि एक मोठी साइज कुठे मिळते, कुणाला माहीत आहे? हे त्याला लहान होतात, म्हणूनच नऊतले चार गोल गेले, असं त्याचं नवं म्हणणं आहे.