मदत हवी आहे : न्यायमूर्ती स्कालिया यांचा मृत्यू आणि 'सांकेतिक खुणा'

नमस्कार.

माझे थोरले आतेभाऊ नोकरीनिमित्त ह्यूस्टनला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचा खून झाला आणि त्याच्या खुणा जाणूनबुजून मागे ठेवल्या गेल्या, अशी त्यांची आता ठाम समजूत झाली आहे. या विषयावरून वहिनींशी आणि मुलांशी त्यांचे बोलणे जवळजवळ थांबले आहे. माझ्याशी ते अजून मोकळेपणाने बोलतात, म्हणून हा धागा काढत आहे.

१३ फेब्रुवारी २०१६ रोजी टेक्सासमधील सिबोलो क्रीक रँच येथे स्कालिया आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. त्यांचे वय ७९ होते. प्रेसिडिओ काउंटीच्या न्यायाधीश सिंडरेला गेव्हारा यांनी घटनास्थळी न जाता, तेथील अधिकाऱ्यांशी आणि स्कालिया यांच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून, नैसर्गिक मृत्यू अशी नोंद केली. कुटुंबीयांना शवविच्छेदन नको होते, त्यामुळे ते झाले नाही. न्यायालयातील पद रिकामे होताच त्यावरून न्यायमूर्तींच्या नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटमध्ये मोठा राजकीय संघर्ष पेटला, त्यामुळे एवढ्या मोठ्या पदावरील व्यक्तीच्या बाबतीत शवविच्छेदन व्हायला हवे होते, हे दादांचे म्हणणे मला रास्त वाटते आणि ते मी त्यांना सांगितलेही आहे.

अडचण त्यापुढची आहे. रँचच्या मालकांनी प्रथम 'डोक्यावर उशी होती' असे सांगितले. उशी चेहऱ्यावर नव्हती, डोक्याच्या वर पलंगाच्या फळीला लागून होती, असा खुलासा त्यांनी नंतर केला, तरी दादा पहिलेच वाक्य धरून बसले आहेत. दुसरा त्यांचा आधार म्हणजे २०१६ च्या ऑक्टोबरपासून गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या, हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या ईमेलांपैकी एक. मृत्यूच्या चार दिवस आधीच्या, ९ फेब्रुवारीच्या त्या ईमेलमध्ये 'वेट वर्क्स' असे शब्द आहेत. हेरगिरीच्या परिभाषेत त्यांचा अर्थ हत्या असा होतो, परंतु त्या वाक्यात पूल पार्टीचा उल्लेख आहे आणि स्कालिया यांचे नावही नाही. पुढे इंटरनेटवर गुप्त कटांचे दावे करणाऱ्या 'क्यू' या निनावी लेखकाच्या अनुयायांमध्ये तारखा, वेळा आणि आद्याक्षरे जुळवण्याची जी सवय रुजली, ती दादांनाही लागली आहे, आणि एखादी खूण जुळली नाही की ती मुद्दाम चुकवली आहे असे ते म्हणतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे खोटे ठरण्याची शक्यताच उरत नाही.

स्कालिया यांना हृदयधमन्यांचा विकार, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास होता, असे त्यांच्यावर उपचार करणारे नौदलाचे डॉक्टर ब्रायन मोनाहन यांनी पत्राने कळवले होते. मी ते दादांना दाखवले, तेव्हा त्यांनी डॉक्टरही कटात सामील असल्याचे सांगितले.

येथील डॉक्टर आणि वकील सदस्यांना माझी विनंती आहे. अशी आजारपणे असलेल्या वृद्धाचा झोपेत मृत्यू झाल्यास शवविच्छेदन किती वेळा टाळले जाते, आणि टेक्सासमध्ये दूरध्वनीवरून मृत्यूची नोंद करण्याची पद्धत नेमकी कशी चालते, हे कोणी समजावून सांगेल का? तसेच आपल्या घरात कोणी अशा खुणांच्या शोधात गुंतले असेल, तर शवविच्छेदनाविषयीची त्यांची रास्त शंका मान्य करून बाकीच्या गोष्टी वेगळ्या कशा काढता आल्या, हेही कृपया लिहावे. दादांची टिंगल करणारे प्रतिसाद कृपया देऊ नयेत, कारण हा धागा मी त्यांनाही वाचायला देणार आहे.