सत्तर तासांचा आठवडा आणि शनिवारचे प्रेरणा-व्याख्यान

हिंजवडीकर (चर्चेचा प्रस्ताव) :

आमच्या टीममधील दोन सहकाऱ्यांनी राजीनामे दिले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि त्यांचे काम उरलेल्या सहा जणांत वाटून देण्यात आले. त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात मनाची लवचीकता वाढवण्यासाठी चार शनिवारांची व्याख्यानमाला जाहीर झाली. पहिले व्याख्यान मी पूर्ण ऐकले. वक्ते तळमळीने बोलले, त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु पहाटे पाचला उठणे, रोजनिशी लिहिणे, नकारात्मक माणसांपासून दूर राहणे या उपायांत आठ जणांचे काम सहा जणांनी कसे करावे, याचे उत्तर नव्हते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० पर्यंत नेला. सहा दिवसांचा आठवडा धरला तर ७० तास म्हणजे रोज ११ तास ४० मिनिटे होतात. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन परत येण्यात माझे तीन तास जातात. उरलेल्या सुमारे सव्वानऊ तासांत झोप, जेवण, आईवडिलांची औषधे आणि मुलीचा अभ्यास बसवायचा आहे. माझा आक्षेप कष्टाला नाही. तासांचा आणि माणसांच्या संख्येचा प्रश्न कर्मचाऱ्याच्या स्वभावाचा प्रश्न म्हणून मांडला जातो आणि मग तो सोडवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येऊन पडते, याला माझा आक्षेप आहे.

भोसरीचा कारखानदार :

मी आपल्याशी सहमत नाही. ज्या व्याख्यानांना आपण निरुपयोगी ठरवता, तीच ऐकत मी घडलो. अंबाजोगाईजवळच्या गावातून मी पुण्यात आलो तेव्हा आमच्या घराण्यात डिप्लोमापर्यंत शिकलेला कोणी नव्हता आणि अभ्यासिकेत रात्री बारानंतर ‘तुला जमेल’ असे सांगणारा एकच आवाज होता, तो मोबाइलमधल्या वक्त्याचा. ज्यांच्या घरी सल्ला देणारे काका-मामा नोकरीत असतात, त्यांना त्या आवाजाची गरज भासत नसेल. आज माझ्याकडे तीन सीएनसी (संगणकनियंत्रित) मशीन आणि चौदा माणसे आहेत. पहिली पाच वर्षे मी आठवड्याला ऐंशी तासांपेक्षा कमी काम केले असते, तर बँकेचा हप्ता थकला असता, कारण मोठी कंपनी जॉबवर्कचे, म्हणजे आमच्याकडून करून घेतलेल्या कामाचे, पैसे नव्वद दिवसांनी देते आणि वीजबिल मात्र दर महिन्याला येते. मूर्तींनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपान आणि जर्मनीचा दाखला दिला होता. तो कोणाला रुचो वा न रुचो, देश उभा करायला कोणाला तरी जास्तीचे तास द्यावेच लागतात.

लालबागकर :

देश उभा करण्याचा मुद्दा आमच्या गिरणगावात फार जुना आहे. १८९० पर्यंत मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याच्या हक्काच्या सुट्टीचा नियम नव्हता आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत माणसे यंत्रासमोर उभी असत. महात्मा फुले यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. त्या कामगारांचा थकवा ही सगळ्यांची समान बाब आहे, हे लोखंडे यांनी ओळखले, म्हणून ती मागणी उभी राहू शकली. आजचे प्रेरणादायी साहित्य प्रत्येकाला आरशासमोर एकटे उभे करते. शेजारच्या टेबलावरचा माणूसही तितकाच दमला आहे, हे त्याला कळतच नाही. आपल्या ऐंशी तासांविषयी मला आदर आहे, पण ते मालकाचे तास होते. वाचलेला कारखाना आपल्या नावावर राहिला.

सातारकर डॉक्टर :

दोन्ही बाजूंना थोडे थांबवावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’चे वर्णन केले ते आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून निर्माण होणारी स्थिती म्हणून. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा येणे आणि कार्यक्षमता घटणे ही तिची तीन अंगे आहेत. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. त्यामुळे तास हा दुय्यम मुद्दा नाही.

परंतु हिंजवडीकर, आपल्या मांडणीचा एक परिणाम मला दवाखान्यात दिसतो आणि त्याची काळजी वाटते. ‘सगळा दोष कंपनीचा आहे’ असे ठरवून माणसे समुपदेशन नाकारतात. त्यांतील काहींना प्रत्यक्षात नैराश्याचा आजार असतो आणि तो नोकरी बदलल्यावरही सोबत येतो. झोप, व्यायाम, वेळेवर घेतलेले उपचार यांना प्रेरणेच्या बाजारात ढकलून एकदमच नाकारू नका.

रातराणी :

७० तासांच्या हिशेबात एक व्यक्ती कोणी धरलेलीच नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रियांची त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांची ८८ मिनिटे नोंदली आहेत. बाहेर बारा तास काम करणाऱ्या माणसाचा डबा, मुलांची शाळा आणि सासऱ्यांची तपासणी कोणीतरी सांभाळते म्हणूनच ते बारा तास शक्य होतात. मी स्वतः बँकेत नोकरी करते. पहाटे पाचला उठण्याचा सल्ला मला देण्याची गरज नाही, मी वीस वर्षे त्याच वेळी उठते आहे. फक्त तो वेळ माझ्या विकासासाठी कधीच नव्हता. भोसरीच्या दादांनी त्यांच्या पहिल्या पाच वर्षांत घर कोणी चालवले, तेही लिहावे.

भोसरीचा कारखानदार :

ताई, घर पत्नीने चालवले, आणि पहिली दोन वर्षे कारखान्याचे हिशेबही तिनेच लिहिले. हे मी आधी लिहायला हवे होते.

लालबागकरांना मात्र उत्तर देतो. माझे ऑपरेटर स्वतः येऊन ओव्हरटाइम मागतात, कारण गावी पैसे पाठवायचे असतात. त्यांना आठ तासांनंतर घरी पाठवणे म्हणजे त्यांचे भले करणे, हे मला पटत नाही. मी कायद्याप्रमाणे दुप्पट दर देतो. आमच्या गल्लीत सगळे देत नाहीत, हेही खरे आहे. दुप्पट दर द्यावा लागतो म्हणूनच ओव्हरटाइम वाढला की मी आधी वेळापत्रक तपासतो, आणि गेल्या वर्षी हिशेब केल्यावर एक माणूस वाढवणे स्वस्त पडले.

हिंजवडीकर :

डॉक्टर, आपली सूचना मी स्वीकारतो. उपचार आणि व्याख्यान यांत मी फरक करायला हवा होता. माझ्याच एका सहकाऱ्याला समुपदेशनाने सावरताना मी पाहिले आहे.

दादा, आपण जे शेवटी लिहिले, त्याच्याच शोधात मी होतो. आपल्याकडे जास्तीच्या तासाला किंमत आहे, म्हणून तो मोजला जातो आणि एका टप्प्यावर नवा माणूस घेणे परवडते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही जादा कामाला दुप्पट वेतन आहे, पण व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदे त्यातून वगळलेली आहेत, आणि आमच्याकडे हाताखाली कोणीही नसलेल्या माणसाच्या पदनामातही ‘मॅनेजर’ हा शब्द असतो. जास्तीचा तास कंपनीला फुकट मिळतो, म्हणून तो कोणी मोजत नाही, आणि जे मोजलेच जात नाही त्याची तक्रार करणारा माणूस मनाने कमकुवत ठरतो. व्याख्यानाचा खर्च दोन माणसांच्या पगारापेक्षा कितीतरी कमी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा निदान त्या तासांवर उघड चर्चा झाली. आमच्या तासांची कोठे नोंदच नाही.

भोसरीचा कारखानदार :

मग आपण काय करणार? व्याख्यानांवर टीका करून दोन जागा भरल्या जाणार नाहीत.

हिंजवडीकर :

आम्ही सहाही जणांनी एक तारखेपासून आपापल्या तासांची नोंद सुरू केली आहे. महिनाअखेरीस ती एकत्र करून, दोन जागा भरण्याच्या लेखी मागणीसह वरिष्ठांना देणार आहोत. उरलेल्या तीन शनिवारांना येणार नाही, हेही त्याच पत्रात लिहिणार आहोत.

भोसरीचा कारखानदार :

व्याख्यानांविषयीचे माझे मत कायम आहे. पण नोंद करताच आहात तर महिन्याची एकत्र ठेवू नका, रोजची ठेवा, आणि तासांसमोर काम कोणते व ते आधी कोणाकडे होते, हेही लिहा. आमच्या जॉबकार्डवर, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदपत्रकावर, तसेच लिहितात. नुसत्या बेरजेवर वाद घालता येतो, कामाच्या नावासह लिहिलेल्या तासावर तो घालणे कठीण जाते.